कल्हईला गेलेलं घंगाळ

आमच्या संग्रहालयाचा पत्ता विचारला की मालाडच्या खाडीकडचे लोक सांगायचे, “ते होय, बोंबलाच्या वर.” पत्ता अगदी बरोबर होता. पालिकेनं तिथं दुमजली मंडई बांधली होती. खाली मासळी आणि वर भाजी असा बेत. पण कोथिंबिरीच्या जुडीसाठी जिना चढणारी बाई आमच्या भागात कुणी पाहिली नव्हती. भाजीवाले थोड्याच दिवसांत खाली उतरून रस्त्यावर बसले आणि वरचा हॉल रिकामा पडला. सरकारी नजरेला रिकामी जागा फार खुपते. कुणी म्हणालं व्यायामशाळा काढा, कुणी म्हणालं वाचनालय. शेवटी आमच्या नगरसेवकांनी कुठल्याशा भाषणाच्या भरात, उपनगराचा इतिहास जपला पाहिजे, असं एक वाक्य टाकलं. त्याला टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यामुळे ते वाक्य त्यांना मागे घेता येईना, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमचं स्थानिक इतिहास संग्रहालय जन्माला आलं.

मी तेव्हा परवाना खात्यात लिपिक होतो. पिठाची गिरणी, सलून, उसाचा चरक यांचे परवाने नवे करणं हे माझं काम. पण माझ्या सेवापुस्तकात ‘बी. ए., इतिहास’ असं लिहिलेलं होतं. रात्रीच्या कॉलेजातून, पास क्लास. तेवढ्यावर माझी बदली झाली. पदाचं नाव अभिरक्षक. हा शब्द मला पहिल्या वर्षी नीट उच्चारता येत नव्हता, आणि आमच्या शिपायाला, तावड्याला, शेवटपर्यंत आला नाही. तो मला वनरक्षक म्हणायचा. माझे वडील गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांना मी नव्या नोकरीबद्दल सांगितलं, तर त्यांनी सुपारी कातरता कातरता मालवणीत विचारलं, “जुनी भांडी सांबाळूचो पगार गावता? मगे तुझ्या आवशीक इतकी वर्सा कित्याक नाय गावलो?” आई आतून हसली.

फर्निचर म्हणून एका बंद पडलेल्या दवाखान्याची काचेची कपाटं आम्हाला मिळाली. प्रत्येकावर लाल फुली होती. एका कपाटावर ‘विष’ असं रंगवलेलं होतं आणि तो रंग काही केल्या खरवडून निघेना. त्यात आम्ही पोर्तुगीज काळातली नाणी ठेवली. शाळेची पोरं यायची ती आधी त्या कपाटाकडे धावायची आणि नाणी बघून निराश व्हायची. बल्ब गेला तर विद्युत खात्याकडे अर्ज, अर्जाला उत्तर येईपर्यंत तावडे घरून बल्ब आणायचा, आणि उत्तर आलं की मंजूर झालेला बल्ब तो घरी न्यायचा. आमचा असा हिशेब चोख होता.

संग्रहालय सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे शिकायला मला शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयात पाठवलं होतं. तिथं मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. वस्तूला म्हातारी होऊ द्यायचं नाही आणि पुन्हा तरुणही करायचं नाही. ती आपल्याकडे आली तेव्हा ज्या वयाची होती त्याच वयावर तिला धरून ठेवायचं. नुसत्या हातानं शिवायचं नाही, कारण हाताला घाम असतो. तांब्यापितळेवर जो काळपट-हिरवट थर येतो तो तर मुळीच घासायचा नाही. तोच त्या भांड्याचा इतिहास. आम्हाला हातमोजे मंजूर नव्हते म्हणून आम्ही खालून कोळंबीच्या पिशव्या आणून हातात घालायचो. त्यामुळे आमच्या काही वस्तूंना इतिहासाबरोबर वासही आला.

बघायला कोण यायचं? दुपारी ऊन चुकवणारे यायचे. कॉलेजातली जोडपी यायची. ती सर्वांत निष्ठावान, पावसाळ्यातसुद्धा न चुकणारी, आणि वस्तूंकडे ढुंकून न बघणारी. एक गृहस्थ आपलं घर जुनं आहे असा दाखला मागायला यायचे. त्याच गल्लीतला बिल्डर ते घर जुनं नाही असा दाखला मागायला यायचा. दोघांनाही मी चहा पाजायचो. माहुलहून एक म्हातारे कोळी एकदा मोठं जाळं खांद्यावर टाकून आले. हातानं विणलेलं, सुरेख. म्हणाले, घ्या, घरी नातवंडं ह्याचं क्रिकेटचं नेट करतात, बघवत नाही. ते जाळं आम्ही भिंतीवर लावलं आणि दुसऱ्याच दिवशी खालच्या दोन मांजरांनी त्यात मुक्काम ठोकला.

पण आमच्या हॉलमधली खरी मोलाची वस्तू म्हणजे घंगाळ. ज्यांच्या घरी कायम गिझरच होता त्यांच्यासाठी सांगतो. घंगाळ म्हणजे अंघोळीचं पाणी काढायचं रुंद तोंडाचं भांडं, दोन बाजूंना दोन कड्या. आमचं घंगाळ तांब्याचं, कोळीवाड्यातलं, आणि एवढं मोठं की उचलायला दोन गडी लागायचे. उद्घाटनाला कोळीवाड्यानं ते बँड लावून वाजत गाजत आणलं. पुढे लाल टोपी घातलेले पाटील, मागे पंच, मागे सगळा गाव. कोळीवाड्यानं एवढी वस्तू दिली म्हणून नगरसेवक भरून पावले, मी तर फारच. त्याच रात्री मी सुंदर अक्षरात पाटी रंगवली, ‘तांब्याचं घंगाळ. ग्रामस्थांकडून सप्रेम भेट.’ इतिहासाबद्दल लोकांना आस्था नाही असं कोण म्हणतं, असंही मी बायकोला दोन-तीनदा ऐकवलं.

लग्नसराई सुरू झाली आणि पाटील दोन माणसं आणि दोरी घेऊन वर आले. म्हणाले, घंगाल काढा, गुरुवारी हलद हाय. मी त्यांना समजावलं की भेट दिलेली वस्तू आता पालिकेची झाली. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले.

“दिला म्हंजे ठेवाला दिला,” ते म्हणाले.

आणि खरं सांगतो, त्यांचं काही चुकलं नव्हतं. गावाच्या मालकीची भांडी, समया, ढोलक्या कुणातरी विश्वासू माणसाच्या घरी असायच्या, ज्याच्या घरी कार्य तो घेऊन जायचा. आमच्या चाळीतल्या मंडळाचे टोपही असेच चाळभर फिरायचे. आजवर घंगाळ पाटलांच्या घरी होतं, आता ते पंखा, कुलूप आणि सरकारी शिपाई असलेल्या जास्त भक्कम घरी आलं, एवढंच त्यांना समजलेलं. संग्रहालय ही काय भानगड आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही तेव्हा नीट ठाऊक होतं असं नाही.

मी नियमांचं पुस्तक काढलं. संग्रहातली वस्तू बाहेर न्यायची मुभा एकाच कारणासाठी होती, दुरुस्ती. तांब्याच्या भांड्याची दुरुस्ती कसली? कल्हई. मी लिहिलं, ‘सदर भांडे कल्हईकरिता बाहेर पाठविण्यात येत आहे.’ ते हळदीला गेलं, नाचून आलं, आणि पुढे दर लग्नसराईला ते कल्हईला जायला लागलं. आता कल्हई करतात ती स्वयंपाकाच्या भांड्यांना, आतून, अन्न कळकू नये म्हणून. अंघोळीच्या घंगाळाला उभ्या जन्मात कुणी कल्हई केलेली नाही. पण हे एकाही साहेबाच्या लक्षात आलं नाही. एका हिशेब तपासनीसानं मात्र शेरा मारला की सदर भांड्यास वारंवार कल्हई करावी लागत असल्यानं यापुढे टिकाऊ प्रतीची कल्हई करून घ्यावी. मी ‘नोंद घेतली’ असं लिहून सही केली.

दर वेळी घंगाळ परत यायचं ते चिंच आणि राख लावून असं लखलखीत घासलेलं, की माझ्या प्रशिक्षणाची पार वाट लागायची. मी पाटलांच्या बायकोला, जानकीबायना, निरोप पाठवला की कृपा करून घासू नका, त्यावरचा थर म्हणजे इतिहास आहे. उलट निरोप आला की मळका घंगाल आमी पोरीचे हलदीला लावत नाय. मग मी तो विषय सोडला.

माझी एकच अट होती. पाटलांची चिठ्ठी आणा आणि घंगाळ न्या. मला ते सोयीचं वाटलं होतं, उद्या काही झालं तर जबाबदारी त्यांची. त्या चिठ्ठीचा गावातला अर्थ मला मथुराबायमुळे कळला.

मथुराबाय जिन्याच्या पायथ्याशी बसायची. पापलेट, सुरमई असा वरचा माल. जुहूच्या हॉटेलांची माणसं तिच्याकडे यायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मी सकाळी जिन्याकडे वळलो की ती शेजारणीला सांगायची, “इतिहास आला.” उशीर झाला तर, “इतिहासाची गाडी चुकली.” सगळ्या जणी हसायच्या, मीही हसायचो, न हसून सांगतो कुणाला. गुडघ्यांमुळे ती वर कधी आली नव्हती.

एका दुपारी ती वर आली. हात धुतलेले, पदर खोचलेला. दोनदा थांबत, कठड्याला धरत आली आणि सरळ घंगाळासमोर जाऊन उभी राहिली.

“ह्यो कोनाचा?” तिनं विचारलं.

“पालिकेचा.”

“पाटलाचा नाय?”

“नाही.”

“लिवून हाय?”

“आहे.”

“मंग मना दे.”

मग ती खाली बसली आणि सगळं सांगितलं. तिची एकुलती मुलगी, नंदा, कांदिवलीला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. तिथंच काम करणारा घाटकोपरचा रवी, आमच्या मालवणकडचा मुलगा, तिला पसंत पडला. मथुराबायनं आधी मुलीला चार दिल्या, मग मुलगा बघितला आणि हो म्हणाली. पण पंचांनी बैठक घेऊन ठरवलं की पोर जातीबाहेर जाते, तिच्या हळदीला गावाचं घंगाळ जाणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर मी मागून घेतलेल्या त्या सगळ्या चिठ्ठ्या आल्या. घंगाळ दारात आलं की लग्न गावाचं. मग सगळ्या बायका विहिरीवरून पाणी आणून ते भरणार, त्या पाण्यानं नवरीची हळद उतरणार. घंगाळ आलं नाही की गाव त्या मांडवात पाय ठेवणार नाही, पुढेही त्या घरच्या सुखदुःखाला कुणी जाणार नाही. मंडईत शेजारी बसणाऱ्या बायकासुद्धा तोंड फिरवणार. नंदा बाहेर जाणारच होती, पण मथुराबायला त्याच गावात मरायचं होतं.

मी म्हणालो, बघतो.

“बघतो नको सांगूस,” ती म्हणाली. “मी मासे विकते. गिऱ्हाईक ‘बघून येते’ बोलला का परत नाय येत.”

ती गेली आणि संध्याकाळच्या आत पाटील आले. खाली जे बोललं जातं ते कोळीवाड्यात कसं पोचतं हे मला कधी कळलं नाही. पाटील वाईट माणूस नव्हते. गावातल्या भांडणांत त्यांचा शब्द खरा असायचा, आणि पोलीस चौकीवर कुणासाठीही उभे राहायचे. पण त्या दिवशी ते खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी आधी, तो मुलगा तुमचाच कुणी ना, असं विचारलं. मी म्हणालो, पाटील, मालवण तालुका मोठा आहे. त्यांना ते पटलं नाही. मग त्यांनी सरळच सांगितलं, चिठ्ठीशिवाय घंगाळ बाहेर गेलं तर जसं वाजत आणलं तसं वाजत परत नेऊ.

ही धमकी साधी नव्हती. फेरीवाल्यांच्या जप्त केलेल्या हातगाड्या ठेवायला आमच्या नव्या साहेबांना गोदाम हवं होतं आणि त्यांची नजर आमच्या हॉलवर होती. कोळीवाडा आमच्या बाजूनं उभा होता म्हणून ते गप्प होते. गाव उठून गेलं की आठवड्यात हातगाड्या वर आल्या असत्या आणि मी परत उसाच्या चरकाकडे गेलो असतो. मला तो वास मारणारा हॉल फार आवडायला लागला होता. तसं मी कुणाजवळ बोललो नव्हतो, पण आवडायला लागला होता.

पालिकेतला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. साहेबांना लेखी विचारलं. उत्तर आलं, ‘प्रचलित नियमांनुसार उचित कार्यवाही करावी.’ बाहेरच्या वाचकांसाठी याचा अर्थ असा की, तू काहीही कर, गळ्याशी आलं तर आम्ही तुला ओळखत नाही.

पाटील जाता जाता एक वाक्य बोलून गेले होते. “तुमी नुसती राखन करा, बाकीचा आमी बघू.” ते मला रात्रभर टोचत राहिलं. मला राग उशिरा येतो. त्या वेळी बोलायला सुचत नाही, दुसऱ्या दिवशी दाढी करताना सुचतं. भांडं पालिकेचं, कुलूप पालिकेचं, पगार पालिकेचा, आणि कोणत्या पोरीची हळद व्हायची ते पाटलांच्या चिठ्ठीवर. माझी पाटी ‘ग्रामस्थांकडून’ असं म्हणत होती आणि मथुराबाय चार पिढ्यांची ग्रामस्थ होती. गालावर साबण तसाच ठेवून मी बायकोला हे सगळं तावातावानं सांगितलं. ती म्हणाली, मग मला काय सांगता, तिला सांगा.

सकाळी मी जिना चढलो नाही. खालीच उभा राहून मथुराबायला म्हणालो, हळदीच्या दिवशी सकाळी हातगाडी घेऊन या, घंगाळ कल्हईला जाईल. शेजारची बाई मांदेलीचे खवले काढत होती तेवढाच आवाज येत राहिला. मथुराबायनं इतिहासाबद्दल काहीच थट्टा केली नाही, तिनं फक्त मान हलवली.

वस्तूबरोबर कर्मचारी असला पाहिजे, असा नियम होता. तो मी त्याआधी कधी पाळला नव्हता. त्या दिवशी पाळला. हातगाडीमागून चालत मी कोळीवाड्यात गेलो. पुढे तावडे, रस्ता द्या, सरकारी माल आहे, असं ओरडत होता. घंगाळ मथुराबायच्या अंगणात छोट्याशा मांडवाखाली ठेवलं आणि माझ्यासाठी त्याच्याशेजारी एक लोखंडी खुर्ची टाकली. मी बसलो. नंदा पाटावर बसली होती, हिरव्या साडीत, मान खाली. तिची कांदिवलीची एक मैत्रीण तेवढी होती. चहा झाला. नंतर कुणीच आलं नाही.

घंगाळात पाणी कुणी घालायचं याची रीत ठरलेली होती. गावातल्या सवाष्णींनी, आधी जाणतीनं आणि मग बाकीच्यांनी. मथुराबाय विधवा, तिनं स्वतः हात लावायचा नाही. समोरच्या घरांची दारं अर्धवट उघडी होती आणि आतून बायका बघत होत्या, त्या आम्हाला दिसत होत्या. गल्लीच्या तोंडाशी पाटील दोन पंचांना घेऊन उभे होते. ते कुणाला अडवत नव्हते, त्याची गरजच नव्हती. मथुराबाय उगाच हे उचल, ते ठेव करत होती. मग तेही संपलं आणि ती दारात बसली. एवढं मोठं भांडं, घासून लखलखीत, आत टिपूसभर पाणी नाही, आणि शेजारी खुर्चीवर मी. एवढ्या तोऱ्यात मी तिला भांडं मिळवून दिलं होतं. गाव कुठून आणून देणार होतो? मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात गल्लीतून जानकीबाय आल्या. पाटलांची बायको. कमरेवर भरलेली कळशी. नवऱ्याच्या समोरून आल्या आणि त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगणात येऊन त्यांनी कळशी घंगाळात ओतली. तांब्यावर पाणी पडल्याचा आवाज मोठा होतो, तो सगळ्या गल्लीत ऐकू गेला.

“पाटलीन, तुमी?” मथुराबाय कशीबशी उठत म्हणाली.

जानकीबायनी कळशी खाली ठेवली. “माझे पोरीला ह्यो नाय मिलाला,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण समोरच्या दारांपर्यंत जाईल एवढा होता. “घरानच होता. माझे चुलीचे बाजूला. पोर रडत गेली, नि मी ह्यो घासत बसले.”

कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मला तेव्हा कळली. त्यांच्या थोरल्या मुलीनं, शेवंतानं, माहुलच्या तेलाच्या कंपनीतल्या एका फिटरशी लग्न केलं होतं. मुलगा घाटावरचा. पाटलांनी पाटीलकी स्वतःच्या घरापासून सुरू केली आणि त्या दिवसापासून मुलीच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. ते घंगाळ जानकीबायना रोज उठून बघावं लागायचं. पुढे संग्रहालयासाठी काहीतरी जुनं द्या म्हणून नगरसेवकांचा निरोप आला, तेव्हा पाटील एक मोडकं वल्हं देणार होते. जानकीबायनी घंगाळ ओढत दाराबाहेर आणलं आणि उंबऱ्यावर बसून राहिल्या. ते जाईल तेव्हाच चूल पेटेल, असं म्हणाल्या. पाटलांनी मग गावाचा मान राखायला बँड बोलावला. म्हणजे इतिहासाविषयीची ती आस्था, ती सप्रेम भेट, ते माझं सुंदर अक्षर! मला हसू यायला लागलं आणि हसता हसता रडूही आलं. खुर्चीवर बसून मी चष्मा पुसत राहिलो.

समोरच्या दारातून एक कळशी निघाली. मग दुसऱ्या घरातून एक, मग चार-पाच बरोबरच. कुणी मथुराबायशी बोललं नाही, कुणी माफी वगैरे मागितली नाही. पाणी ओततील, पदर सावरतील आणि तिथंच थांबतील. थोड्या वेळानं कुणीतरी गाणं धरलं. घंगाळ काठोकाठ भरून पाणी माझ्या चपलेत आलं तेव्हा मी खुर्ची मागे घेतली. मान वळवली तर गल्लीच्या तोंडाशी पंच उभे होते, पाटील नव्हते.

पुढे कितीतरी दिवस जिन्यावर पावलं वाजली की मला बँडच ऐकू यायचा. पण घंगाळ परत मागायला कुणी आलं नाही, आणि चिठ्ठी घेऊनही पुन्हा कुणी आलं नाही. बायका थेट वर यायच्या, तारीख सांगायच्या आणि जायच्या. साहेबांच्या कानावर सगळं गेलं होतंच. त्यांनी घंगाळ काचेच्या पेटीत कायमचं बंद करण्याचा हुकूम काढला. पेटी सुतारखात्याकडून यायची होती, त्यामुळे काळजीचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या लग्नसराईत जानकीबाय जिना चढून आल्या. शेवंताच्या मुलीचं, म्हणजे त्यांच्या नातीचं, लग्न ठरलं होतं. माहुलला हळद. त्यांनी विचारलं, एवढ्या लांब येईल का हो? माहुल म्हणजे मुंबईचं दुसरं टोक, आमच्या वॉर्डाबाहेर, नियमांत कुठंच बसत नव्हतं. मी टेम्पो ठरवला.

सकाळी टेम्पो कोळीवाड्याच्या नाक्यावर लागला तेव्हा ड्रायव्हरशेजारी पाटील आधीच बसलेले होते. धुतलेला शर्ट, डोक्यावर लाल टोपी, नजर समोर रस्त्यावर. त्यांना कुणी बोलावलं, का ते आपणहून आले, मी विचारलं नाही. जानकीबाय त्यांच्या शेजारी चढून बसल्या. मी आणि तावडे मागे घंगाळाला धरून बसलो. घाटकोपर गेलं, चेंबूर गेलं.

माहुलला गल्ली इतकी अरुंद की टेम्पो आत जाईना. तावडे दोरी सोडत होता. मी एक कडी धरली आणि दुसरी कोण धरतंय म्हणून बघतो तर पाटील. मी म्हणालो, राहू द्या, तावडे आहे. त्यांनी ऐकलं नाही. आम्ही तिरके तिरके चालत निघालो. त्यांना धाप लागत होती. प्रत्येक दारापाशी ते पाऊल आवरायचे आणि बायकोकडे बघायचे. मुलीचं घर कोणतं ते त्यांना माहीत नव्हतं. जानकीबाय मात्र न थांबता पुढे चालल्या होत्या, नेहमीच्या वाटेनं चालावं तशा.

शेवटच्या आधीच्या दारात त्या थांबल्या. आतून एक बाई बाहेर आली, हात हळदीनं भरलेले, केस कानांवर पांढरे झालेले. तिनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग पाटलांकडे. पाटील कडी धरून तसेच उभे राहिले.

“जड हाय बाबा,” ती म्हणाली. “खाली ठेव.”